नीट राहा

३ फेब्रुवारी

पुन्हा तेच स्वप्न. अंगणातला बोरिंग मी हापसून राहिली, अन् पाण्याच्या जागी काळं, जाड, कोमट तेल. गुंड भरला, बकेट भरली, तरी थांबेना. जमिनीखालून माझ्या माणसाचा आवाज — "आयकलं का, बस कर, इकडचं सारं तिकडे येऊन राहिलं." अन् हसते! जागेपणी तो असा मोकळा हसत नाही.

उठल्यावर हात हुंगून पाहिले. नीतूले सांगतलं तर म्हणे, "मम्मी, सोते टाइम चना मत खाया करो." नर्सिंगच्या शेवटच्या सालाले आहे पोट्टी, म्हणून घरातल्या साऱ्या गोष्टीले तिच्यापाशी औषध आहे. आईच्या स्वप्नालेसुद्धा.

या डायरीतले वार खोटे आहेत. २०१९ ची आहे. भिलाईच्या स्टील प्लांटात सुरक्षा सप्ताहात त्याले भेटली होती, कोरीच राहिली. पानापानाच्या खाली हिंदीत एक सूचना छापली आहे. आजची — 'सीढ़ी को पहले परखें, फिर चढ़ें।' वार मी खोडून टाकते. तारखा चालतात.

५ फेब्रुवारी

फोन नाही.

६ फेब्रुवारी

आला. सव्वासहाले. तिकडे परदेशात, तेलकंपनीच्या कॅम्पात पाण्याच्या टाकीपाशी एका कोपऱ्यातच रेंज येते. तिथं एकतीस जण लाइन लावून उभे राहतेत, एकेकाले पाच मिनिटं. मागचा माणूस खोकलला की समजायचं, वेळ झाली.

"आयकलं का," म्हणे. नाव घ्यायचं नाही म्हणून एकोणतीस वर्षं तो मले हीच हाक मारून राहिला. मीही त्याले तोंडावर 'तुमी'च म्हणते. हेमराज हे नाव माझ्या तोंडून लग्नाच्या उखाण्यातच निघालं असेल. इथं पानावर मात्र 'तो' म्हणते. इथं कोण ऐकते!

काय बोललो? मागच्या दाराची कडी तुटली ते मी सांगतलं. दोरीनं बांधून ठेवली आहे. त्यानं विचारलं, पल्ला किती जाड, कडी कोणत्या बाजूनं. तीन मिनिटं कडीतच गेली. मंग कोणीतरी खोकललं. मी म्हटलं, "बरं, नीट राहा." तो म्हणे, "हो."

ठेवल्यावर आठवलं, जेवला का विचारलंच नाही.

१० फेब्रुवारी

शेषराव भाऊजी आले होते सेक्टर २ वरून, सायकलवर, कागदं घेऊन. रेल मिलमधून रिटायर, युनियनचे जुने पुढारी. दोन वाक्यांच्या गोष्टीचं भाषण करतेत. पण आमच्यासाठी अर्ज त्यांनीच लिहिले, कलेक्टरले, खासदाराले, दिल्लीले, म्हणून मी चूप बसून ऐकते.

"हे पाहा सिंधुताई. करार वीस वर्षांचा. तेल त्या देशाचं, काढायचं कंपनीनं, वाटा ठरलेला. आता सरकार बदललं. नवं सरकार म्हणते, आधीच्यांनी देश विकून टाकला, आमचा वाटा वाढवा. कंपनी म्हणते, सही करताना डोळे कुठं गेले होते? करार म्हणजे करार. मंग सरकारनं विहिरीले कुलूप ठोकलं अन् कंपनी गेली परदेशातल्या लवादाकडे."

"लवाद म्हणजे?"

"पंचायत समजा. पण हिची तारीख सालासालानं पडते."

"अन् आपले एकतीस जण कोणत्या कलमात हायेत?"

भाऊजी चष्मा पुसत बसले.

भानगड अशी आहे. त्या मुलखातून निघायले माणसाले आपल्या मालकाची मोहर लागते. मोहर कंपनीपाशी. कंपनीचे गोरे साहेब पहिल्याच आठवड्यात विमानानं निघून गेले. सरकार म्हणते, मोहर आणा अन् जा. कंपनी म्हणते, आमचा आता तिथं संबंध नाही, सरकारले विचारा. चार महिने झाले. मुलखाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की तो मुलूखच घरात येऊन बसेल असं वाटते.

माझ्या चिंधूमामानं आमगावले धानाची बांधी अधियानं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिली होती. एका साली वाट्यावरून भांडण झालं, पंचायत बसली. बैल खळ्यावरच बांधलेला. दोघंही त्याले पाणी पाजेनात. जो पाजेल त्याच्यावर बैलाचा खर्च पडेल म्हणून. मी सात-आठ वर्षांची होती. घमेलं भरून घेऊन गेली तर मामानं हात धरला, म्हणे, थांब, अजून ठरलं नाही.

भाऊजीले हे सांगतलं. ते म्हणाले, "अगदी बरोबर, फक्त बैलाच्या जागी हेमराज." मले ते आवडलं नाही. चहा मी दिला, पण बिस्किटं ठेवली नाही.

१४ फेब्रुवारी

आज बाजूच्या घरी राहायले आलेली नवी बाई विचारे, फोन ठेवताना तू असं कावून म्हणते, नीट राहा?

सासूची शिकवण. आमच्या घरी शिफ्टले निघालेल्या माणसाले 'जा' म्हणत नाहीत. सासऱ्याच्या वेळी बाजूच्या क्वार्टरातल्या बाईनं नवऱ्याले चिडून म्हटलं होतं, जा एकदाचे! तो दुपारी आला नाही, प्लांटातून साहेब लोक आले. तेव्हापासून सासूनं नियमच केला. जाणाऱ्यानं म्हणायचं, येतो. घरच्यानं म्हणायचं, नीट राहा. एवढंच. ना जास्ती, ना कमी.

तो पहिल्या पाळीले निघे तेव्हा आकाश मागून लाल झालेलं राहे, प्लांटात भट्टीतला तापलेला मळ, स्लॅग, ओतलेला. सायकलच्या हँडलले डबा. येतो. नीट राहा. हिशेब केला तर हजारो वेळा झालं असेल. त्यातलं एकही ठेवून पाहिलं नाही. आता वाटते, त्यातला एखादा दिवस पूर्ण आठवावा, डब्यातल्या भाजीसकट. नाही आठवत. सारे एकमेकात मिसळून गेले आहेत अन् त्या लाल उजेडात तो नुसता जाऊन राहिला, जाऊन राहिला, कोपऱ्यावर पोहोचतच नाही.

२० फेब्रुवारी

भिलाई-३ वरून भूमिका आली होती, पोरगं कडेवर. देवीदासची बायको. देवीदास त्याच्यासोबतच आहे तिकडे, फिटर. मूळचे रेल्वेवाले नागपूरकडचे. पोट्टी सव्वीसची नसेल.

नुसती रडे. "काकू, मैं तो रोज बोलती हूँ उनको — आ जाओ, कैसे भी आ जाओ, पैदल आ जाओ." मी रागावली तिच्यावर. म्हटलं, "बाई, तो का हौसेनं बसला हाये तिकडे? माणसाचा जीव कावून घाबरवते? त्याच्या हातात काही नाही अन् तू रोज या म्हणते. त्यानं का करावं, भिंतीवर डोकं आपटावं?"

तिनं डोळे पुसले. पोरानं माझ्या घरचे चार मुरमुऱ्याचे लाडू खाल्ले.

ती गेल्यावर मात्र मीच स्वयंपाकघरात उभी राहून एकदा म्हणून पाहिलं. या. कुकरले म्हटलं. कसंतरीच वाटलं. आमच्यात असं म्हणत नाहीत.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. देवाले काही मागतलं नाही. त्याले माहीत आहे.

५ मार्च

दुपारी डोळा लागला. स्वप्न वेगळं. वाळूच वाळू, अन् मधात आपलं मोहाचं झाड. फुलं पडून राहिली, टप टप, अन् तो खाली बसून वेचून राहिला, टोपलीत नाही, हेल्मेटात. मी हाक मारली. तोंडातून हाक निघालीच नाही, कारण नाव घ्यायचं की 'आयकलं का' म्हणायचं हेच ठरेना! तो वर पाहत नाही. हेल्मेट भरत आलं. मी म्हटलं, बाप्पा, आता भरलं की हा उठून कुठं जाईल. तेवढ्यात जाग आली. खिडकीतून खरंच मोहाचा वास येऊन राहिला होता. समोरच्या गल्लीत एक छत्तीसगढी म्हातारी टोपली घेऊन बसते, तिच्याकडचा.

दोन मुठी घेऊन आली. तशाच वाटीत ठेवल्या. खायच्या नाहीत.

११ मार्च

फोन. फार बोलला आज, म्हणजे त्याच्या मानानं. म्हणे, कुलूपबंद विहिरीपाशी यायले मनाई आहे, पण पायपात दाब वाढून राहिला तो कॅम्पातूनही ऐकू येते, शिटीसारखा. त्याले झोप लागत नाही. म्हणे, "वेल्डिंग मीच केलेली हाये तिथं. कोणी पाहायले पाहिजे." मले संताप आला. म्हटलं, "तुमाले घरची कडी दिसत नाही, अन् परक्याच्या पायपाची काळजी!"

"कडी करून राहिलो," म्हणे. "इथं पत्र्याचे तुकडे पडले हायेत."

नीट राहा, म्हटलं कसंतरी.

मले कधी कधी वाटते, तो अन् मी एकोणतीस वर्षं फक्त सामानाबद्दल बोललो. कडी, गॅस, सायकलची ट्यूब, नीतूची फीस. पण त्यातूनच सारं समजे, म्हणून कमी पडलं नाही. आता पाच मिनिटात समजत नाही.

१४ मार्च

होळी. अंगाले रंग लावू दिला नाही कोणाले. मी झोपेत असताना नीतूनं गालाले रंगाचं बोट लावलं.

२२ मार्च

शेषराव भाऊजी हाफत आले. बातमी आहे. लवादानं पहिली तारीख थेट पुढच्या सालची दिली. पण त्या सरकारनं आपलीच नवी कंपनी काढली, विहिरी तीच चालवणार. अन् आपल्या दूतावासानं जोर लावला म्हणून सरकार म्हणते, ज्यांले घरी जायचं त्यांले मोहरेशिवाय सोडू.

"मंग येतीन?"

"येतीन असं दिसते. कागद अजून निघायचा हाये."

भाऊजीले बिस्किटं दिली. शेवेची वाटीही दिली. ते म्हणाले, "आपल्या इथं रशियावाले आले, भट्ट्या लावून दिल्या, शिकवलं अन् गेले. असं पाहिजे." मी हो म्हटलं. आज त्यांनी काहीही म्हटलं असतं तरी मी हो म्हणणार होती.

२३ मार्च

भात दोनदा करपला.

२७ मार्च

फोन! वेळेच्या आधी, साडेचारले. नेमकी कचरागाडी दारात भोंगा लावून उभी, बाजूच्या घरी मिक्सर. एक बोट कानात घालून मी बाथरूमात घुसली.

"आयकलं का... सरकारनं... देवीदास, सारे... सोमवारी येऊन राहिले..."

एवढं साफ ऐकू आलं. येऊन राहिले! मंग आवाज फुटला. तो काहीतरी लांबलचक सांगून राहिला होता. मधातून 'कागद' ऐकू आलं, 'दोन' ऐकू आलं, 'उद्यापर्यंत'. मले कुठं ऐकायचं होतं? मी नळाले धरून उभी, डोळे भरलेले. मंग त्याचं "...हू का... ऊ का?" समजली, ऐकू येते का विचारून राहिला. म्हटलं, "हो, हो." पुन्हा तेच, जरा जोरानं — "...ऊ का?" म्हटलं, "हो जी, हो! बरं, नीट राहा."

चूप. मले वाटलं कटला. मंग एकदम साफ, बाजूले उभा असल्यासारखा, म्हणे, "पक्कं?"

"आता हे का विचारणं झालं? पक्कं. नीट राहा."

"बरं," म्हणे. त्याचं ते 'बरं' जरा जड वाटलं. सहा महिन्यांचा थकवा असेल. या या म्हणून त्याच्या जिवाले मी कधी घोर लावला नाही, आता आपोआप येऊन राहिला. भूमिकाले फोन केला. तिले देवीदासनं सांगतलं होतंच. दोघी फोनवर हसलो, कशावर ते माहीत नाही.

२९ मार्च

गादी उन्हात टाकली. त्याचे शर्ट धुतले, जे धुतलेलेच होते. सायकलच्या चाकात हवा भरून आणली. नीतू म्हणे, "मम्मी, पापा उतरते ही साइकिल चलाएँगे क्या?" चलवू दे.

फोन नाही. निघायच्या धांदलीत कोण फोन करते.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. समोरची छत्तीसगढी म्हातारी दरवर्षीसारखं विचारे, "ये का हे दाई?" मी म्हटलं, आज आमचं नवं साल. म्हातारीनं गुढीले हात जोडले.

दुपारी पडल्या पडल्या डोळ्यासमोर दिसून राहिलं — तो विमानात, खिडकीपाशी. खाली समुद्र. त्यानं समुद्र पाहिलेला नाही, मीही नाही. जाताना ढग होते म्हणे. या वेळी ढग नको.

२ एप्रिल

उद्या दिल्लीच्या गाडीनं दुर्गले, भूमिकानं सांगतलं. पातोडीचा रस्सा करीन. सांबाराची हिरवी जुडी आजच निवडून ठेवली. एक लिहून ठेवते, हसायचं तर हसा, कोणी नाही इथं — घरात पाय ठेवला की त्याले 'या' म्हणीन. पाहुण्याले म्हणतो तसं. त्याच्याच घरात त्याले या.

३ एप्रिल

नाही आला.

गाडी चाळीस मिनिटं लेट. मी, नीतू, भूमिका अन् पोरगं, शेषराव भाऊजी हार घेऊन. डब्यातून देवीदास उतरला. आणखी दोघं उतरले, राजनांदगावचे. मी दाराकडे पाहूनच राहिली. गाडी रिकामी झाली. सफाईवाला झाडू घेऊन चढला.

देवीदास पोराले उचलून वळला, मले पाहून अचंबित झाला. म्हणे, "वैनी, तुमी इथं कशा?"

तुमी इथं कशा! मी म्हटलं, "तुमचे भाऊ कुठं हायेत?"

"तो तर राहिला. नव्या कंपनीत. सही केली ना त्यानं." अन् मंग माझं तोंड पाहून, "तुमाले... माहीत नाही?"

"दुसऱ्यांलेही राहायले म्हटलं होतं का?" भाऊजीनं विचारलं. देवीदास म्हणे, ज्याले वेल्डिंग येते त्याले. तिघांले विचारलं, मलेही. आमी दोघं नाही म्हणालो. दोन वर्षांचा कागद. मधात सोडणार नाहीत, लवादाचं होईपर्यंत.

तो आणखी काही सांगणार होता. मी वळली. पूल चढून बाहेर आली, हार भाऊजीच्या हातातच राहिला. देवीदासनं मागून धावत येऊन नीतूच्या हातात एक पिशवी दिली. ऑटोत नीतूनं हात धरला. मी सोडवून घेतला. रस्सा नालीत ओतला.

४ एप्रिल

पिशवीत खजूर, अन् एक कडी. चकचकीत, पालिश केलेली, चार छिद्रं बरोबर मापात. दिवाणाखाली सरकवून दिली. दाराले दोरी बरी आहे.

५ एप्रिल

सव्वासहाले फोन वाजला. मी कणीक मळून राहिली होती. हात खराब होते. वाजू दिला.

६ एप्रिल

हात स्वच्छ होते. तरी वाजू दिला.

९ एप्रिल

रोज वाजते. रोज मी त्याच्याकडे पाहते. मले समजून घ्यायचं आहे अन् समजून घ्यायचं नाही. पायपाची शिटी ऐकू येते म्हणे! शिटीसाठी राहिला. आपल्या हातानं सही केली. सरकारनं धरून ठेवलं असतं तर मी दहा वर्षं वाट पाहिली असती, एक शब्द बोलली नसती. हा सुटला होता. दार उघडं होतं अन् हा आत बसला.

एकोणतीस वर्षं कोणत्या गोष्टीत मले विचारलं यानं? हुडकोचं घर घेतलं, सही करून आला अन् सांगतलं. तिकडे जायचं ठरवलं, एजंटाले कागद देऊन आला अन् सांगतलं. मी प्रत्येक वेळी म्हटलं, बरं. आताही तेच झालं. फक्त या वेळी सांगतलंही नाही. त्या दिवशी फोनवर एवढा वेळ बोलला, त्यात एवढं एक वाक्य नव्हतं त्याच्यापाशी.

मले आता त्याचं स्वप्नही पडत नाही. बोरिंगमधून पाणी येते, नुसतं पाणी.

१३ एप्रिल

नीतूनं उचलला. बाहेर जाऊन बोलली, पण ऐकू येईल एवढ्याच लांब गेली. येऊन म्हणे, "पापा पूछ रहे थे, तुम ठीक हो?"

"सांगायचं होतं ना, नीट हाये."

"बोला. तो पापा बोले — मम्मी को बोल देना, नीट राहा."

माझं वाक्य! मलेच उलटून! त्यानं जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते. मी म्हटलं, नीतू, पुढच्या वेळी सांग, मम्मी घरी नाही. "मम्मी, एक बार बात तो कर लो. कुछ तो बात होगी." काही नाही. मर्जी. माणसाले घर नको झालं, एवढीच बात.

१७ एप्रिल

शेषराव भाऊजी आले. दोन वर्षांचे दिवस मोजून सांगतले. मी चहा दिला.

१९ एप्रिल

देवीदास आला होता सकाळी, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. म्हणे, हेमराजनं सांगून पाठवलं होतं, कडी तू जाऊन बसवून दे, वैनीले दोरी सोडताना त्रास होते. दिवाणाखालून काढून दिली. मागच्या दाराशी बसून तो बसवत होता अन् मी पाठ करून उभी. पाठीमागूनच म्हणे —

"वैनी, त्याच्यावर कावून रागावल्या? मी टाकीपाशी त्याच्या बाजूलेच उभा होतो. आमी तिघांनी आपापल्या घरी विचारलं. मले भूमिका म्हणाली, आ जाओ. त्यानं तुमाले दोनदा विचारलं, राहू का येऊ का? तुमी म्हटलं, राहा. त्यानं अजून विचारलं, पक्कं? तुमी म्हटलं, पक्कं. मंग लय वेळ टाकीले टेकून उभा होता. म्हणे, ती कधी काही सांगत नाही, आज सांगतलं, तर ऐकतो."

कडी बसली. बरोबर बसली.

सहा वाजले आहेत. फोन हातात घेऊन बसली आहे. वाजला की आधी 'या' म्हणीन. मंग हॅलो.